वसंतात बघू

टॉडचा निरोप नेहमी एकाच वाक्याचा असायचा. "रोशेल, जरा एक नजर टाकतेस?"

त्या एका नजरेत काय काय यायचं ते रोशेल पेटवेला विचारा. जाहिरातीतल्या काळ्या बाईचे केस खरे वाटतात का, आजीच्या तोंडची भाषा ओढूनताणून आणलेली तर नाही ना, बघून कुणाचं डोकं फिरणार नाही ना. काम सगळं त्यांचं, नाव त्यांचं, पैसा त्यांचा, आणि जाहिरात बाहेर पडायची वेळ आली की रोशेलनं फुकटात नजर टाकायची. अटलांटात काळ्या माणसांचा काय तुटवडा आहे का? पण टॉडच्या एजन्सीत जाहिराती ठरवणाऱ्यांत औषधालाही एक नव्हता. म्हणून ही नजर बाहेरून मागवावी लागे. आणि रोशेल ती मुकाट्यानं देत होती, कारण दर वेळी बोलणं संपवताना टॉड म्हणायचा, "तुझ्यासाठी इथं एक खुर्ची ठेवलीय बरं का. वसंतात बघू."

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. गुरुवारच्या मंडळींना तर नाहीच नाही.

गुरुवारची मंडळी म्हणजे तिनंच जमवलेला गोतावळा. इतकी वर्षं मार्केटिंगमध्ये काढली, ऑफिसं बदलली, पण प्रत्येक ठिकाणी ती एकटीच. लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा एखादा काळा माणूस भेटला की दोघं एकमेकांकडे बघून मान हलवायचे. ओळख ना पाळख, पण मान हलायची. एक दिवस कॉर्टलंड मीक्स नावाचा एक उंच, तोंडाळ गडी असाच लिफ्टमध्ये भेटला. त्यानं मान हलवली आणि रोशेल वैतागून म्हणाली, "नुसत्या माना किती दिवस हलवायच्या रे बाबा? गुरुवारी सकाळी मिस पर्लीनकडे ये खायला."

झालं. तिथून सुरू. कॅस्केड रोडवर मिस पर्लीनची खानावळ, मक्याच्या कण्यांवर लोण्याचा गोळा, तळलेला मासा, पावासारखी मऊ गरम बिस्किटं, आणि मागच्या बाजूला एक लांबलचक टेबल. या लोकांच्या घरी सणाला पोरं लहान टेबलावर जेवतात आणि मोठी माणसं मोठ्या. रोशेल म्हणाली, "आपल्याला ऑफिसात जन्मभर लहान टेबलावर बसवलंय. हे आपलं मोठं टेबल." तेच नाव पडलं. मोठं टेबल, अटलांटातल्या काळ्या मार्केटिंगवाल्यांची मंडळी. एकमेकांना कामं सांगायची, नवख्यांना शिकवायचं, कुणाचा साहेब छळत असेल तर सगळ्यांनी मिळून त्या साहेबाला शिव्या द्यायच्या. सुरुवातीला उभं राहायला जागा मिळेना, आणि मिस पर्लीन ओरडायची, "माझ्याकडे बिस्किटं किती आणि तुम्ही किती!"

मग हळूहळू गळती लागली. कुणी उघड बोललं नाही, पण घोडं कुठं पेंड खातंय ते रोशेलला कळत होतं. एकेका ऑफिसात आपल्यासारख्याला एकच खुर्ची, आणि ती मागणारे सगळे एकाच टेबलावर बसून मासा खातायत. समोरच्याला आपलं काम दाखवावं तर तोच उद्या आपल्या जागी जाऊन बसायचा. आता टेबलाला जेमतेम सातजण उरले होते. टेबल मोडलं तर इतक्या वर्षांत आपण स्वतःच्या हातानं उभं केलेलं एकमेव काम मोडेल, हे रोशेलला पक्कं ठाऊक होतं. आणि तरी टॉडची गोष्ट तिनं पोटातच ठेवली होती! माणूस असाच असतो, काय करता.

त्या गुरुवारी तिनं फोन मिठाच्या बाटलीला टेकवून उभा केला. "हसायचंय का कुणाला? हे बघा. अजून बाहेर पडलेली नाही, कुठून आली ते विचारू नका."

गोड चहाच्या एका कंपनीची जाहिरात होती. अंगणात झोपाळ्याभोवती सगळं खानदान जमलंय, शेगडीवर मांस भाजतंय, आजी खुर्चीत बसून सगळ्यांना सुनावतेय, पोरं नाचतायत. आणि घरातून आत्या येते, हातात मोठं वाडगं. बटाट्याचं सॅलड. कॅमेरा जवळ जातो. बटाटा, अंडं, वर तिखटाची चिमूट, आणि मधेमधे टपोऱ्या काळ्या मनुका.

मिस अर्नेस्टीन गेदरनी छातीवर हात ठेवला. त्या मंडळींत सगळ्यांत मोठ्या, जाहिरातीच्या धंद्यातून निवृत्त झालेल्या, आणि चर्चची टोपी घातल्याशिवाय घराबाहेर न पडणाऱ्या. "मनुका?"

"मनुका."

"बटाट्यात?"

"आत्याच्या हातातल्या बटाट्यात, मिस अर्नेस्टीन."

"देवा, मला घेऊन जा रे."

हे हसण्यावारी न्यायचं प्रकरण नाही. या लोकांत सॅलड कुणी केलंय हे विचारल्याशिवाय कुणी ते ताटात घेत नाही. त्यात मनुका घालणाऱ्या सुनेला पुढच्या वर्षी मोठ्या प्रेमानं सांगतात, "तू काही करू नकोस हं राणी, तू नुसता बर्फ आण." ही जाहिरात बाहेर पडली असती तर दुपारपर्यंत त्या चहाचं हसं झालं असतं.

टेबल हसून हसून गदगदत होतं. कॉर्टलंड मात्र जरा जास्तच हसत होता. डोळे पुसायचा आणि पुन्हा सुरू.

"तुला काय झालं रे?" रोशेलनं विचारलं.

"मनुका माझ्या आहेत."

"म्हणजे?"

"अगं, मीच घातल्या! टॉडचा निरोप आला, जरा एक नजर टाकतोस? म्हटलं, फुकट ना? घे मग फुकटचा सल्ला. लिहून पाठवलं, आमच्यात मनुका घातल्याशिवाय सॅलड होतच नाही. वाटलं, कुणीतरी हसेल, खोडेल, मला फोन करून चार शिव्या देईल. तर यांनी किराणा दुकानात माणूस धाडला वाटतं!"

रोशेलचं हसू तिथल्या तिथं विरलं. "टॉडनं तुला विचारलं?"

"हो. का?"

"थांबा," जमारी म्हणाला. जमारी फॉक्सचा हात संगीतावर चांगला, घरात तान्हं बाळ, नोकरी गेलेली, मिळेल ते काम करणारा. तो फोनकडे बघत होता. "मागं वाजतंय ना, ते मी सुचवलंय. म्हटलं होतं, तो ढोल काढा आणि चर्चमधल्यासारख्या टाळ्या घ्या. त्यानं टाळ्या घेतल्यात."

बँकेच्या जाहिराती करणाऱ्या वॉनेटानं काटा खाली ठेवला. "आणि आजी जे म्हणते, 'भूक नाही म्हणणाऱ्याचं ताट आधी भरा', ते माझी आजी म्हणायची. माझी. मी पाठवलं होतं."

"अंगणातला तो झोपाळा माझा," रोशेल म्हणाली.

सगळी जाहिरात त्या टेबलावरच बसली होती. प्रत्येकानं एकेक तुकडा दिलेला, फुकटात, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच आहोत.

"आणि त्याबद्दल तो तुम्हाला काय देणार म्हणाला?" मिस अर्नेस्टीननी विचारलं.

कण्या गार होत चालल्या होत्या. शेवटी जमारी खाली बघत पुटपुटला, "एक खुर्ची ठेवलीय म्हणाला. वसंतात..."

"...बघू," कॉर्टलंडनं पुरं केलं.

"बघू," वॉनेटा म्हणाली.

रोशेलला आधी राग नाही आला. आधी लाज वाटली. मंडळी आपण जमवायची, एकमेकांपासून काही लपवू नका म्हणून भाषणं आपण ठोकायची, आणि हेच गाजर आपण एकट्यानं उशाशी घेऊन झोपायचं! "मलाही," ती म्हणाली. "मलाही तेच सांगितलं. आणि मी तुम्हाला बोलले नाही."

"आम्ही तरी कुठं बोललो?" वॉनेटा म्हणाली.

मग मात्र राग आला, आणि असा आला की मिस पर्लीन स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली. टॉडच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. मिस अर्नेस्टीननी सगळं ऐकून घेतलं, मग टेबलावर चमचा आपटला.

"मी बसलेय त्या खुर्चीत," त्या म्हणाल्या. "त्या काळात, अख्ख्या ऑफिसात एकटी. दिवसभर हसरं तोंड ठेवून जबडा दुखायचा माझा. जेवायला गाडीत जाऊन बसायची, म्हणजे तेवढा वेळ तरी तोंड वाकडं करता येईल. खुर्ची वाईट नव्हती रे पोरांनो. पण शेजारी कुणी नव्हतं. मी काही बोलले की सगळ्या काळ्यांच्या वतीनं बोलल्यासारखं व्हायचं, आणि नाही बोलले तरी तेच."

"मग करायचं काय?" जमारी म्हणाला. "तुमचं सगळ्यांचं ठीक आहे. मला टॉड अधूनमधून बारकीसारीक कामं देतो, त्यावर बाळाचं दूध येतं. सगळे मिळून उभे राहणार असाल तर मी आहे. पण एक जरी फुटला ना, तर बाकीचे वाचतील, मी मेलो."

खरी गोष्ट होती ती. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"कुणी फुटणार नाही," रोशेल म्हणाली, आणि तिथंच, बोटाला लोणी लागलेलं असताना, तिनं टॉडला निरोप लिहिला. तुमच्या जाहिरातीत एक चूक आहे, ती दिसली तर इथून ह्यूस्टनपर्यंत लोक पोट धरून हसतील. चूक आम्ही सांगू. पण सगळे मिळून, तुमच्या गिऱ्हाइकासमोर बसून, मोबदला घेऊन, आमच्या नावानं. खाली सातहीजणांची नावं, आणि मंडळीचं नाव, मोठं टेबल.

"काळ्या मार्केटिंगवाल्यांची मंडळी, तेही लिही," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या. "नाहीतर त्यांना वाटायचं फर्निचरचं दुकान आहे."

टॉडनं सोमवारची वेळ दिली. पण टॉड काही दुधखुळा नव्हता.

शनिवारी रोशेल शँट्रेलच्या पार्लरमध्ये केसांच्या ड्रायरखाली बसली होती तेव्हा त्याचा फोन आला. ड्रायरच्या घोंगाटात नीट ऐकू येईना, म्हणून ती त्याचं बोलणं ओरडून परत म्हणून बघत होती, आणि पार्लरमधल्या बायकांनी मासिकं मिटून ठेवली होती.

"वसंताचं सोड," टॉड म्हणाला. "सोमवारपासूनच ये. विभागप्रमुख. स्वतःची खोली, हाताखाली माणसं. फक्त ती चूक काय ते आत्ता सांग, आणि सोमवारी आमच्या बाजूनं बस. बाकीच्यांना आणायची गरज नाही."

रोशेलनं ड्रायर वर ढकलला. ही जागा तिला हवी होती हो! हवी होती म्हणजे किती, तर कधीकधी गाडी चालवताना ती एकटीच मोठ्यानं म्हणून बघायची, विभागप्रमुख रोशेल पेटवे. त्या पदावर बसलेल्या, तिच्यापेक्षा कच्च्या माणसांना तिनं काम शिकवलं होतं. आणि आज ती जागा फोनमध्ये बोलत होती.

"मी... मी विचार करून सांगते," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

शँट्रेल हातात कंगवा घेऊन उभी. "विचार काय करायचाय गं त्यात?" तिनं विचारलं. ती हो म्हण म्हणत होती का नाही म्हण, ते रोशेलला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

रविवार तिनं तळमळून काढला. चर्चमध्ये उभी राहिली, गायली, पण मन जाग्यावर नव्हतं. दर थोड्या वेळानं फोन हातात घ्यायची, कॉर्टलंडला सांगावं म्हणून, आणि ठेवून द्यायची. सांगितलं असतं तर तो काय म्हणाला असता ते तिला ठाऊक होतं. तेच तिला ऐकायचं नव्हतं.

सोमवारी एजन्सीच्या दारात सातहीजण आले. आले खरे, पण तोंडाला कुलपं. तोंडाळ कॉर्टलंड बुटांकडे बघत होता. वॉनेटा पर्समध्ये काहीतरी शोधत होती आणि तिला ते सापडत नव्हतं. जमारीनं तर लग्नातला कोट घातला होता. रोशेलनं एकेकाकडे बघितलं. हे असे का वागतायत? की माझ्या चेहऱ्यावर दिसतंय?

त्यांना वर न्यायला एक मुलगी आली. नाव ग्लिनिस, टॉडच्या बैठकांचं बघणारी, नीटनेटकी, हळू बोलणारी. तीही काळीच. तिनं सातजणांना एकदम बघितलं आणि दारातच थबकली. मग तिची मान किंचित हलली. सातही माना हलल्या.

आत टॉड बसला होता, दात दाखवत. शेजारी चहाच्या कंपनीच्या मार्केटिंगप्रमुख, व्हिटलॉकबाई, चष्मा नाकावर, घाईत. ग्लिनिस कोपऱ्यात कागद घेऊन बसली.

"आधी एक आनंदाची बातमी," टॉड म्हणाला. "या कामासाठी आमच्याकडे नवीन विभागप्रमुख येतायत. रोशेल, तू जवळजवळ हो म्हणालीच आहेस. इकडं ये ना, या बाजूला."

सहा माना तिच्याकडे वळल्या. जमारीचा चेहरा उतरला. रोशेलनं तो बघितला, आणि तिच्या मनात दोन दिवस घोंगावत असलेलं सगळं बंद झालं.

"मी विचार करते म्हणाले होते, टॉड," ती म्हणाली. "केला विचार. शनिवारी तू मला ही जागा दिलीस, बाकीच्यांना आणू नकोस या अटीवर. ती मला हवी होती. आत्ताही हवी आहे, खोटं कशाला बोलू? पण अशी नको. आणि माझ्या लोकांना मी हे आधीच सांगायला हवं होतं." ती मंडळींकडे वळली. "आता तुम्ही बोला. तुम्हाला कुणाला फोन आला होता?"

मग कॉर्टलंड घसा खाकरून म्हणाला, "शनिवारी. विभागप्रमुख."

"रविवारी, चर्चमधून बाहेर पडताना," वॉनेटा म्हणाली. "विभागप्रमुख. स्वतःची खोली."

"हाताखाली माणसं," तिच्या पलीकडचा म्हणाला.

एकेक करत सगळे बोलले. जमारी शेवटी. "मला काल रात्री. बाळ रडत होतं, मी त्याला खांद्यावर घेऊन ऐकलं. आणि मी नाही म्हणालो." त्यानं कोटाची बाही ओढली. "मला वाटलं, मी एकटाच नाही म्हणणारा असणार."

"मीही नाहीच म्हटलं रे येड्या," कॉर्टलंड म्हणाला.

"मीही," वॉनेटा म्हणाली.

मिस अर्नेस्टीननी टोपी सारखी केली. "मला तर निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी फोन आला. मी म्हटलं, बाळा, मला तू खुर्ची देणार? मला गुडघे दे."

रोशेल हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. सगळ्यांना फोन आले होते. सगळे ते पोटात घेऊन, एकमेकांना भीत, तरी आले होते. तिच्या टेबलाला काही झालं नव्हतं. ते तिच्यापेक्षा पक्कं निघालं होतं!

व्हिटलॉकबाईंनी चष्मा काढला. "चूक काय आहे जाहिरातीत?" त्यांनी सरळ विचारलं.

"मनुका," सातजण एकदम म्हणाले.

"माझ्या आहेत त्या," कॉर्टलंड म्हणाला. "फुकट नजर मागितली, फुकट मनुका दिल्या." मग त्यानं सगळं समजावून सांगितलं, बर्फ आणणाऱ्या सुनेसकट. वॉनेटानं आपल्या आजीचं वाक्य सांगितलं, जमारीनं टेबलावर टाळ्या वाजवून दाखवल्या. व्हिटलॉकबाई आधी लाल झाल्या, मग टॉडकडे बघून पांढऱ्या पडल्या.

"म्हणजे या जाहिरातीत जे जे बरं आहे ते सगळं यांचं," त्या म्हणाल्या, "आणि आम्ही पैसे तुम्हाला दिले." टॉड काहीतरी बोलायला गेला. "नाही, टॉड, पुरे. बाहेर जाणार नाही ही जाहिरात. नवी करायची, पहिल्या ओळीपासून, आणि ही मंडळी करतील. मी थेट यांच्याशीच बोलेन. करार कुणाच्या नावानं करू?"

"मोठं टेबल," रोशेल म्हणाली. आणि मिस अर्नेस्टीन काही म्हणायच्या आत, स्वच्छ, खणखणीत आवाजात पुढचं म्हणाली, "अटलांटातल्या काळ्या मार्केटिंगवाल्यांची मंडळी. पूर्ण नाव लिहा."

काहीतरी आपल्या हातात आहे हे दाखवायला टॉडनं मागं न बघता चुटकी वाजवली. "ग्लिनिस, खालून कराराचे कागद घेऊन ये."

कोपऱ्यातून हालचाल झाली नाही.

"ग्लिनिस?"

ग्लिनिस उभी होती. हातातले कागद तिनं खुर्चीवर ठेवले होते. तिचा तो हळू आवाज आता खोलीभर ऐकू येत होता. "मी मार्केटिंग शिकून इथं आले, टॉड. तू म्हणालास, आधी बैठकांचं बघ, मग वसंतात बघू." ती एक पाऊल पुढं आली. "कुठला वसंत, तेवढं सांग."

तिनं उत्तराची वाट बघितली नाही. ती टेबलाला वळसा घालून या बाजूला आली, आणि कॉर्टलंडनं उठून तिला आपली जागा दिली.